जनरेटरच्या पेटीतला धूप

एकदा एका खाडीच्या मुखाशी, होड्या बांधण्यात उभा जन्म घालवलेला एक वृद्ध राहत होता. गाव त्याला मिस्त्रीबाबा म्हणे. हात थरथरू लागले तेव्हा त्याने आपली शेड आणि हत्यारे हिराजी नावाच्या शिष्याच्या स्वाधीन केली आणि स्वतः समोरच्या उंडीच्या झाडाखाली बाजेवर बसून राहू लागला. बसून राहू लागला म्हणायचे एवढेच. त्याचे डोळे शेडमध्येच असत, आणि हिराजीला ते पाठीवर जाणवत.

हिराजी आता स्वतः चाळिशी ओलांडलेला नावाजलेला कारागीर होता. तरी फळी तासताना त्याला हटकून जुने दिवस आठवत. तेव्हा दोन फळ्यांमधल्या फटीत कापसाची वात ठोकायची, तिच्यावर राळ भरायची, आणि दिवेलागणीला मिस्त्रीबाबा होडीच्या पोटात पणती घेऊन शिरत. हिराजी बाहेर उभा. "उजेड दिसतो काय रे?" ते आतून विचारीत. उजेडाची केसाएवढी रेघ दिसली, तरी सगळी वात उपसून पुन्हा ठोकावी लागे. बोटे सोलवटून निघत, आणि वर ऐकावे लागे, "फट म्हणजे मरण, हिराजी!" हे वाक्य त्याच्या हातांत भिनले होते. फळ्यांना चोपडायच्या उंडीच्या तेलाचा वास आला, की ते दिवस त्याच्यासमोर उभे राहत. त्या काळी गलबतांवर यंत्राचे नाव नव्हते. शीड, कंदील आणि माणसांचे आवाज, एवढाच काय तो संसार. तो काळ गेला याचे हिराजीला मनापासून वाईट वाटे.

त्या वर्षी त्याने आपल्या बहिणीच्या नवऱ्यासाठी, धाकूसाठी, एक लहान होडी बांधली. तिला मागे झोपण्यापुरती केबिन होती, कारण धाकू जाळी लावून रात्री खाडीच्या मुखाशीच नांगर टाकून राहणार होता. दिव्यांसाठी आणि पंख्यासाठी त्याने पेट्रोलवर चालणारा, हाताने उचलून नेता येईल असा छोटा जनरेटर आणला होता. बहीण हौसा मुद्दाम शेडवर येऊन सांगून गेली, "दादा, ह्यांना उकाड्यात डोळा लागत नाय. झोप झाली नाय की दुसऱ्या दिवशी जाळं ओढताना तोल जातो. मागल्या साली पडता पडता वाचले. तेवढा पंखा रात्रभर चालेल असं काहीतरी कर."

बहिणीचे कुंकू म्हटल्यावर हिराजीने काय हातचे राखावे! खाऱ्या पाण्याचा शिंतोडा यंत्रावर उडू नये म्हणून त्याने केबिनच्या मागच्या भिंतीला लागून सागवानाची एक देखणी पेटी बांधली. धूर जायला तिच्या मागच्या अंगाला जाळी ठेवली. बाकी सगळे सांधे वात आणि राळ भरून असे बंद केले, की मुंगी शिरणार नाही. पंख्याची तार केबिनमध्ये न्यायला भोक हवे होते. तेही त्याने पेटीत अगदी वर पाडले, म्हणजे पाणी तिथवर चढणार नाही. झाकण बसवले तेव्हा ते हलकेच 'टप्' असे वाजून मिटले. तो आवाज ऐकून हिराजीच्या मनात आले, बाबा आता आपल्याला शाबासकी देणार.

त्या गावची रीत अशी, की नवी होडी पहिल्यांदा नांगरावर उभी राहिली, की गुरूने धुपाटणे घेऊन ती आतून-बाहेरून धुपवायची. मिस्त्रीबाबा आले. त्यांनी पेटीवरून हात फिरवला. "काम लय देखणं केलंस," असे म्हणाले, आणि हिराजीचे मन भरून येते न येते तोच त्यांनी नारळाच्या सोडणांनी धुमसणारे धुपाटणे त्या कोऱ्या पेटीत, जनरेटरच्या जागी ठेवून वर झाकण लावून टाकले.

"बाबा, अहो, लाकूड काळं पडेल!"

"पडू दे. चला आत. धाकू, तू पण ये. दार लोटून घे. तुझ्या होडीत आज पयल्यांदा बसतोय, जरा गप्पा मारू."

तिघे केबिनमध्ये दाटीवाटीने बसले. बाबा जुन्या गोष्टी सांगू लागले. शीड भरले, की कशी सगळी होडी कण्हे. खाडीत रात्री एका होडीवरून गाणे उठे आणि दुसरी होडी त्याचे पुढचे कडवे म्हणे. हिराजी ऐकता ऐकता त्या काळात जाऊन पोहोचला. त्याचे डोळे पाणावले. गोष्टीने पाणावले असे त्याला वाटले, पण धाकू खोकू लागला. पाहतात तो तारेच्या भोकातून धूप पाझरतोय, आणि जाळीतून बाहेर पडलेला धूरही वळसा घालून दाराच्या फटीतून आत येतोय. धाकू दार ढकलून बाहेर पळाला. पाठोपाठ नाकडोळे पुसत हिराजी, आणि सगळ्यांत शेवटी, सावकाश, मिस्त्रीबाबा.

हिराजीला राग आला, आणि त्याहून जास्त वाईट वाटले. "शुभ दिवशी हे काय केलंत, बाबा? चुकलं असेल तर दोन थोबाडीत द्यायच्या होत्या!"

"तू कशामुळं बाहेर आलास?"

"धुरामुळं!"

"मग धुपाचे उपकार मान," बाबा होडीच्या कडेवर टेकत म्हणाले. "तो दिसतो, डोळ्यांत जातो, खोकला काढतो, माणसाला हाकलून बाहेर घालतो. जनरेटरच्या धुरात जे विष असतं ना, त्याला रंग नाय, वास नाय. ते झोपलेल्याला जागं करत नाय, आणखी गाढ झोपवतं. तू पाण्याचा विचार केलास. पाणी खालून येतं, म्हणून भोक वर पाडलंस. पण यंत्राच्या श्वासाला वरचीच वाट सोपी."

हिराजीने पेटीचे झाकण उघडून धूर मोकळा केला. मग म्हणाला, "जुना काळच बरा होता. ह्या यंत्रांनीच सगळं नासवलं."

मिस्त्रीबाबा म्हणाले, "जुन्या काळाला एवढा देव्हाऱ्यात बसवू नकोस. माझ्याबरोबर शिकणारा रावजी होता. ती पुढच्या कडव्याची गाणी त्याचीच. एका थंडीत तो गलबताच्या पोटात कोळशाची शेगडी घेऊन झोपला. वरचं झाकण त्यानंच बसवलेलं. सकाळी उघडलं तर चेहरा लालबुंद, टवटवीत. वाटलं, हाक मारली तर उठेल." त्यांनी पेटीकडे बोट दाखवले. "झाकणाला त्यानं फट ठेवली नव्हती, हिराजी. कारागीर चांगला होता."

हौसाचे शब्द हिराजीला आठवले, आणि सागवानाची ती पेटी त्याच्याने पाहवेना. झाकण मिटल्याचा तो 'टप्' आवाज त्याच्या कानात पुन्हा वाजला.

त्याने धुपाटणे उचलून पार मागच्या टोकाला, उघड्यावर नेऊन ठेवले. नांगरावरची होडी वाऱ्याकडे तोंड करून उभी होती. धूर सरळ मागे, पाण्यावर निघून गेला. हिराजीचा जीव भांड्यात पडला. "मग यंत्र इथं बांधतो, बाबा. पेटी नको. चांगल्या पट्ट्यांनी आवळतो, लाटेत हलणार नाय. मग तर चालेल रात्रभर?"

"थांब. ओहोटी लागू दे."

ते थांबले. बाबांनी तेवढ्यात पेट्रोलचा डबा होडीच्या तळातून काढून काठावर पाठवायला लावला; पेट्रोलची वाफ तळाशी साचते आणि ठिणगीची वाट पाहते, यंत्र थंड झाल्यावर धक्क्यावरच भरत जा, असे धाकूला बजावले. मग पाणी उलटले. ओहोटीच्या जोराने होडी हळूहळू फिरली आणि प्रवाहाकडे तोंड करून स्थिरावली. वारा आता पाठीमागून येऊ लागला, आणि मघाशी दूर जाणारा तोच धूप मुकाट्याने केबिनच्या दारात शिरला.

हिराजीने ते पाहिले. या खाडीत लहानाचा मोठा झालेला तो. होडी ओहोटीला फिरते हे काय त्याला कोणी सांगायला हवे होते? पण झोपलेल्या माणसाला होडी फिरल्याचे कळत नाही, हे त्याच्या आज ध्यानात आले.

"म्हणजे झोपेत चालवायला जागाच नाय," तो स्वतःशीच म्हणाला. मग धाकूकडे वळून, "भावोजी, दिवसा तुम्ही बाहेर, उघड्यावर जागे असाल, वारा यंत्राचा धूर बाहेर नेत असेल, तेव्हाच ते चालवायचं आणि बॅटरी भरून घ्यायची. रात्री यंत्र बंद. पंखा बॅटरीवर. आणि तो विषारी वायू ओळखून बोंबलणारा भोंगा मिळतो, तो केबिनमध्ये लावतो. आपला जनरेटर बंद असला तरी शेजारच्या होडीचा चालू असेल."

मिस्त्रीबाबांनी मान हलवली. "आता शिकलास."

"पण तुम्हीच तर शिकवलंत, फट म्हणजे मरण."

"पाण्यासाठी शिकवलं, पोरा. हवेचा धडा राहिला होता, तो आज दिला."

हिराजीने पेटी त्याच दिवशी मोडली. त्या सागवानाची त्याने उंडीखाली एक बैठक केली. तिच्या फळ्यांमध्ये बोटबोट फटी ठेवल्या, आणि मिस्त्रीबाबा अखेरपर्यंत तिच्यावर बसले. धाकू रात्री यंत्र बंद करी, तेव्हा खाडीवर अचानक शांतता पसरे आणि पलीकडच्या होडीवरचे बोलणे ऐकू येई. तो हौसाला सांगे, पंख्याची झुळूक कमी असते, पण झोप लागते.

आपल्या माणसांना सांभाळायचे म्हणून आपणही पुष्कळ दारे घट्ट लावून घेतो. त्यांना आत श्वास पुरतो की नाही, हे पाहायचे राहून जाते.

आता बाबा नाहीत. हिराजीचे केस पांढरे झाले आहेत. नवी होडी तयार झाली, की दिवेलागणीला तो पणती घेऊन तिच्या पोटात शिरतो आणि बाहेर उभ्या असलेल्या शिष्याला विचारतो, "उजेड दिसतो काय रे?" सगळ्या फटी बुजल्या, की तो पणती विझवतो, धुपाटणे पेटवतो, आणि त्या शिष्याला आत बोलावून आपल्या शेजारी बसवतो.

"आता बोलू नको," तो म्हणतो. "धूर कुठं जातो ते बघ."