फणसाच्या फळीतली गाठ

विसू मेस्त्रीच्या पडवीत हत्यारं बोलत असत, तेव्हाची ही गोष्ट. पाटासाठी आणलेल्या फणसाच्या फळीत मधोमध एक गाठ होती. रंध्याने दोन्ही बाजूंनी जाऊन पाहिलं. दर वेळी गाठीजवळच्या चिपा उपटून आल्या.

"बंबात घाला हिला," रंधा म्हणाला.

"इथे माझी फांदी होती हो. वादळात गेली," फळी म्हणाली.

"फांद्या सगळ्यांच्याच जातात, बाई. आम्ही किती थांबायचं?"

मेस्त्रीने मोडक्या करवतीची पोलादी पत्ती घेतली. कानशीने तिची कड सरळ केली आणि मग गुळगुळीत सळईने दाबून तीच कड किंचित वाकवली.

"धार लावतायत की मोडतायत?" रंधा हसला.

"सरळ धार गाठीत रुतते, दादा," पत्ती म्हणाली आणि फळीवर टेकली.

"गाठ काढून टाक बाई, पण बंब नको," फळी म्हणाली.

पत्ती गाठीवरून खरवडत सरकू लागली. कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ सालपटं निघत राहिली. शेवटी मेस्त्रीने फळीवरून तळवा फिरवला. तो कुठेच अडला नाही. त्याने फळी पाटाच्या मापाने आखायला घेतली.

"गेली का गं गाठ?" फळीने पत्तीला हळूच विचारलं.

"नाही. जागेवर आहे."

"बरं झालं," फळी म्हणाली.