काळ्या रेघांचा दगड

ही गोष्ट बाहेर सांगायची नाही, असं मला बजावून ठेवलंय. म्हणून गावाचं नाव सांगत नाही. बाकी सगळं सांगते.

फार पूर्वी एका कोरड्या गावामागे एक डोंगर होता. तो कधीकाळी आग ओकून शांत झालेला होता. गावात पाणी नव्हतं. बायका रोज दरी उतरून हंडे भरून आणत. एकदा राजाने निरोप धाडला, "डोंगरात सोनं-चांदी असेल तर खाण काढू. खाणीला पाणी लागतं, तेव्हा कालवाही आणू, तो तुमच्या गावातून जाईल. पण एका डोंगराची परीक्षा मी एकदाच करतो." आणि त्याने आपली पारखीण पाठवली.

पारखिणीने डोंगराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी ताणली. गावच्या पाटलांना म्हणाली, "दोरीखाली येईल तो दगड फोडायचा आणि पोत्यात भरायचा. निवडायचं नाही."

"पण बाई, सोनं ओळखायचं कसं?"

"ओळखायचंच नाही. भात उतू गेला की भांड्याच्या काठाला पांढरी खपली धरते ना, तसं इथे झालंय. डोंगराच्या पोटात पाणी उकळत होतं, त्यात सोनं-चांदी विरघळलेली होती. पाणी भेगांतून वर आलं, निवलं, आणि भेगांत गारगोटी धरली. तिच्यात सोनं कुठे बसलंय ते मलाही दिसत नाही. ते भट्टीलाच कळतं."

"कळलं, कळलं," पाटील म्हणाले. हे 'कळलं' जरा लवकरच आलं, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी पोतं उघडलं, तर आत नुसते पिवळे, चकाकणारे दगड.

"हे खोटं सोनं आहे. लोखंड आणि गंधक. परत भरा."

परत भरलं. त्यातही निम्मे चकाकणारेच.

"पाटील, मी दोरी कशाला ताणलीय? कपडे वाळत घालायला?"

लोक हसले. पाटील हसले नाहीत. "तसं नाही बाई. राजासमोर जायचंय ते. पाहुण्याला कोणी करपलेली भाकरी वाढतं का?"

"राजा जेवायला येत नाहीये."

तिसऱ्या वेळी पाटलांनी चकाकणारा एकही दगड वरून घातला नाही. फक्त मळकट, काळ्या रेघांचे तेवढे गुपचूप काढून टाकले. पोत्यात साधे दगड पाहून पारखिणीने सुटकेचा श्वास सोडला आणि भट्टी पेटवली.

भट्टीत राखेशिवाय काही उरलं नाही. तोच निरोप घेऊन राजाचा स्वार गेला.

निघताना पारखिणीला पाटलांच्या गोठ्याची नवी भिंत दिसली. पांढऱ्या दगडांत काळ्या रेघा.

"हे दगड कुठले?"

"पोत्यातलेच. फार घाण दिसत होते हो, चिखल माखल्यासारखे. वाया कशाला घालवायचे, म्हणून भिंतीला लावले."

तिने एक दगड उपसला, कुटला आणि भट्टीत घातला. तळाशी मोहरीएवढा मणी चमकला.

"एवढंसंच?" पाटलांनी विचारलं.

"एका दगडातून एवढं म्हणजे पुष्कळ, पाटील." ती जमिनीवरच बसली.

"मग राजाला सांगा ना."

"परीक्षा एकदाच, पाटील. आणि ती झाली."

पाटलीणबाई दरीतून नुकत्याच वर आल्या होत्या. त्यांनी डोक्यावरचा हंडा उतरवला आणि भिंतीकडे पाहिलं. "छान झालीय हो भिंत. आता तिलाच सांगा उद्यापासून पाणी भरायला."

तात्पर्य: परीक्षा द्यायची तर जसं आहे तसं समोर ठेवावं, लाज वाटते म्हणून जे आपण काढून टाकतो, त्याची किंमत आपल्याला ठाऊक असतेच असं नाही.

ती भिंत अजून उभी आहे, आणि आमची म्हैस रोज तिलाच अंग घासून... आले गं आई.