रापणीचे दोन दोर

१२ नोव्हेंबर. आकाश निरभ्र, सकाळपासून उत्तरेचा भणाणता वारा.

समुद्रात पवनचक्क्या उभारण्याबाबतची बैठक किनाऱ्यावरच्या मांडवात भरली होती. उपसचिव पाटणकर ठासून म्हणाले, "आधी कंपनीनं पैसा आणावा, मग परवाना."

कंपनीचे मेहेंदळे म्हणाले, "आधी परवाना, मग पैसा."

चार वर्षं हेच चाललं होतं, आणि त्यापायी कंपनीच्या पैशातून होणारी गावाची नवी जेटीही अडली होती.

रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याची, मालकीण सुलभा कुबल उठली. तिच्या माणसांनी समुद्रात जाळं अर्धगोल टाकलं होतं. त्याचे दोन्ही दोर वाळूवर आले होते. तिनं दोघांना मांडवातून तिथं नेलं आणि एक दोर पाटणकरांच्या हाती दिला, दुसरा मेहेंदळ्यांच्या.

"सायबानू, तेंनी वडल्याशिवाय तुमी वडू नकात. तेंनीव तसाच करूचा."

दोघं दोर धरून नुसते उभे राहिले.

"अगो, बांगडो चल्लो!" एक म्हातारा ओरडला.

"जांवदे. चार वर्सां आमची जेटी अशीच जाता."

पाटणकरांनी मागे पाहिलं. रापणीची तीस माणसं दिवसाच्या मासळीवर पाणी सोडून उभी होती. त्यांच्याकडे बघणं पाटणकरांना जड गेलं. खाली मान घालून त्यांनीच आधी दोर ओढला; मागोमाग मेहेंदळ्यांनीही.

जाळ्यात तीन बांगडे आले. परवान्यावर आणि करारावर २१ नोव्हेंबरला एकाच टेबलावर सह्या झाल्या.