ओतू की चोळू? झुबकी खारीचं न्हाणं

ऐका रे पोरांनो. चुळबूळ बंद. कान इकडं.

एक फणस. फणसात ढोली. ढोलीत खार. तिचं नाव झुबकी.

झुबकीची शेपटी कशी? मऊ मऊ. फुरफूर फुरफूर. ही एवढी झुबकेदार!

झुबकीचं एक पिल्लू. त्याचं नाव गुंजू. गुंजू रोज दुपारी आईच्या शेपटीत शिरायचा. मगच झोपायचा. दुसरं पांघरूण? नाही म्हणजे नाही!

एक दिवस काय झालं? फांदी मोडली. कडाड! झुबकी खाली. थपाक!

कशात पडली? फणसाखाली ठकुआत्याचं अंगण. तिच्या शेणकाल्याच्या बादलीत. अंगण सारवायला कालवलेलं शेण! शी शी शी!

बादली लवंडली. शेपटीला शेण. हाताला मार. आई गं!

साळुंकी आली. तिनं हात बांधला. गळ्यात अडकवला. म्हणाली, "हात हलवायचा नाही. भिजवायचा नाही. कळलं?"

"कळलं."

शेण वाळलं. शेपटी झाली काठी. झुबका गेला!

गुंजू रडायला लागला. "आई, शेपटी टोचते. आई, शेपटीला वास येतो. मी नाही झोपणार! ऊं ऊं ऊं!"

"थांब राजा. मी न्हाऊन येते."

झुबकीनं रिठा घेतला. करवंटी घेतली. पाणी ओतलं. पण चोळायला हात कुठाय? करवंटी ठेवली. शेपटी चोळली. पण ओतायला हात कुठाय?

एक हात गळ्यात, एक हात मोकळा.
ओतू की चोळू? चोळू की ओतू?

झुबकी निघाली. टुण टुण, टेक. टुण टुण, टेक. गेली ठकुआत्याकडं.

"आत्या गं आत्या!
एक हात गळ्यात, एक हात मोकळा.
ओतू की चोळू? चोळू की ओतू?
तू पाणी ओततेस का?"

आत्या म्हणाली, "ओतीन की! पण गार पाण्यानं शेण निघतंय होय? बंब पाणी तापवीत नाही, तोवर मी नाही ओतायची. जा, बंबाला सांग."

टुण टुण, टेक. टुण टुण, टेक. न्हाणीच्या दारात तांब्याचा बंब. पोट मोठं, तोंड काळं.

"बंबूदादा, बंबूदादा!
आत्या पाणी ओतीना.
एक हात गळ्यात, एक हात मोकळा.
ओतू की चोळू? चोळू की ओतू?
तू पाणी तापवतोस का?"

बंब म्हणाला, "तापवीन की! पण पोटात जळण नको? माड झावळी टाकीत नाही, तोवर मी नाही तापवायचा. जा, माडाला सांग."

टुण टुण, टेक. टुण टुण, टेक. न्हाणीशेजारी माड. उंच उंच उंच.

"माडआजोबा, माडआजोबा!
बंब पाणी तापवीना.
आत्या पाणी ओतीना.
एक हात गळ्यात, एक हात मोकळा.
ओतू की चोळू? चोळू की ओतू?
वाळकी झावळी टाकता का?"

माड म्हणाला, "टाकीन की! पण मला हलवणार कोण? तू? हॅ हॅ हॅ! वारा वाहत नाही, तोवर मी नाही टाकायचा. जा, वाऱ्याला सांग."

टुण टुण, टेक. टुण टुण, टेक. वारा कुठाय? किनाऱ्यावर. वाळूत लोळतोय. आळशी कुठला!

"वारेबुवा, वारेबुवा!
माड झावळी टाकीना.
बंब पाणी तापवीना.
आत्या पाणी ओतीना.
एक हात गळ्यात, एक हात मोकळा.
ओतू की चोळू? चोळू की ओतू?
जरा वाहता का?"

वारा म्हणाला, "वाहीन की! पण फुगवू काय? तुझे गाल? खेकडा होडीचं शीड उघडीत नाही, तोवर मी नाही वाहायचा. जा, खेकड्याला सांग."

टुण टुण, टेक. टुण टुण, टेक. झुबकी दमली. बसली. पुन्हा उठली. गुंजू रडत असेल ना!

पाण्याजवळ खेकडा. त्याची इवलीशी होडी. होडीला पिंपळपानाचं शीड. शीड गुंडाळलेलं. वर दोरी, दोरीला गाठ.

"खेकडेभाऊ, खेकडेभाऊ!
वारा वाहेना.
माड झावळी टाकीना.
बंब पाणी तापवीना.
आत्या पाणी ओतीना.
एक हात गळ्यात, एक हात मोकळा.
ओतू की चोळू? चोळू की ओतू?
शीड उघडता का?"

खेकडा म्हणाला, "उघडीन की! सकाळपासून तेच करतोय. पण ही बघ माझी नांगी. एकच! दुसरी तुटली. नवी येतेय, हळूहळू.
एक नांगी गेली, एक नांगी राहिली.
धरू की सोडू? सोडू की धरू?"

आता खेकड्यानं कुणाकडं पाठवायचं? पुढं तर नुसता समुद्र!

झुबकीनं त्याच्या नांगीकडं पाहिलं. खेकड्यानं तिच्या हाताकडं पाहिलं.

"भाऊ, तुमच्याकडं किती?"

"एक."

"माझ्याकडंही एक."

एक आणि एक किती रे पोरांनो?

दोन!

"मग बघतेस काय माझ्या तोंडाकडं?" खेकडा ओरडला. "धर!"

झुबकीनं दोरी धरली. घट्ट. खेकड्यानं गाठ ओढली. हुश्श... हुश्श... सुटली!

शीड उघडलं. फटाक!
वारा वाहिला. सूं सूं सूं!
माडानं झावळी टाकली. धप्प!
आत्यानं ती मोडली, बंबात घातली. कड कड कड!
बंबानं पाणी तापवलं. खद खद खद!
आत्यानं ते कोमट करून ओतलं. भळ भळ भळ!

आणि शेपटी कुणी चोळली? झुबकीनं! आपल्या हातानं. एका हातानं. फेस फेस फेस!

आत्याचं तोंड चालूच. "बांधलेला हात वर! आणखी वर! अगं, टोकाला राहिलंय शेण. घास! माझी बादली लवंडलीस ती लवंडलीस, आता डोळ्यांत फेस नको घालून घेऊस!"

आत्या ओतते. झुबकी चोळते. शेण गेलं. वास गेला. वाऱ्यानं शेपटी वाळवली. फुरफूर फुरफूर!

झुबकी लगेच घरी गेली का? छे! आधी सगळ्यांकडं गेली.

"आत्या, ओतलंस. बरं केलंस."
"बंबूदादा, तापवलंस. बरं केलंस."
"माडआजोबा, टाकलीत. बरं केलंत."
"वारेबुवा, वाहिलात. बरं केलंत."
"खेकडेभाऊ, सोडलीत. फार बरं केलंत."

खेकडा लाजला. आडवा आडवा पळाला.

मग झुबकी ढोलीत आली. गुंजू धावला. शेपटीत शिरला. हुंगलं. नाक घासलं.

"आई, मऊ!"

आणि झोपला. घुर्र... घुर्र...

झुबकीनं आपला मोकळा हात वर केला. नीट पाहिला. दमलेला, सुरकुतलेला, रिठ्याचा वास येणारा. त्याचा एक पापा घेतला.

"एकटा राबलास रे माझ्या हाता," ती म्हणाली. "बरं केलंस."

खार निजली, पिल्लू निजलं, गोष्टीनंही अंग टाकलं. मिटा डोळे!