तेल लागलेली मोगरी

तापीकाठच्या कुसुंबखेड्यात श्री तुष्टगिरी महाराज आले ते कोणाच्या बोलावण्यावरून आले नव्हते. एका उन्हाळ्यात ते गावाबाहेरच्या चिंचवनात येऊन बसले आणि मग तिथलेच झाले. गावाने आधी त्यांना वेडा म्हणून हाकलून पाहिले, मग हळूहळू भाकरी आणून दिली, आणि शेवटी कुडाच्या चार भिंती घालून त्या जागेला मठ म्हटले. महाराजांना यातल्या कशाचेच काही वाटले नाही. त्याच मठाच्या छायेत घडलेली ही हकीकत आहे. भाविकहो, ती मन लावून वाचावी.

कुसुंबखेड्यात मार्गशीर्षात बालाजीचा रथ निघतो. सागवानी लाकडाचा, घराहून उंच, आणि चाकांना लोखंडी धावा, म्हणजे जाड पट्ट्या, बसवलेला. त्याला बैल नाहीत की लगाम नाही. गाव दोर धरून ओढते, आणि थांबवायचा तो मोगरीने. मोगरी म्हणजे बाभळीची जाड पाचर, तिला लांब दांडा. चालत्या चाकापुढे ती नेमकी सरकवायची, की चाक तिच्यावर चढू पाहते आणि अडते. सपाट रस्त्यावर हे काम सोपे दिसते. पण मारुतीच्या पारापाशी उतरणारा जो उतार आहे, तिथे मोगरीवाल्याच्या हातात अख्ख्या गावाचा जीव असतो.

पुढच्या उजव्या चाकाचा मान तोताराम सुताराच्या घराण्याकडे होता. माणूस साधा, बोलण्यात मागे, आणि महाराजांवर अपार भाव. एकदा त्याने महाराजांपाशी रडगाणे गायले होते की, दिवसभर वाकस-पटाशी हातात असते, माळ कधी ओढू? महाराज म्हणाले होते, "माळेचं राहू दे. हात चालतो तेवढं नाव घे." तेव्हापासून तोतारामाचे रंधणे, तासणे, सगळेच नामावर चालायचे. लोक हसत, पण काम चोख म्हणून गिऱ्हाईक तुटत नव्हते.

त्या वर्षी पावसाळ्यात वडिलांच्या वेळची मोगरी वाळवीने खाल्ली. तोतारामाने विहिरीमागची जुनी बाभूळ तोडून नवी घडवली. लाकूड तडकू नये म्हणून दिवाळीपासून तिला जवसाचे तेल द्यायला घेतले. तेल जरासे कोमट करायचे, तळहातावर घेऊन लाकूड ऊन होईपर्यंत चोळायचे, वर राहिलेले फडक्याने टिपून घ्यायचे, मग उन्हात ठेवायचे. ते मुरले की पुन्हा पहिल्यापासून. प्रत्येक हाताबरोबर बालाजीचे नाव. लाकडाचा रंग हळूहळू मधासारखा झाला.

मात्र या कामाचा एक दंडक आहे. तेल द्यायचे ते दांड्याला आणि पाचरीच्या अंगांना. जमीन धरणारा तळ तेवढा कोरडा ठेवायचा, नाहीतर ऐन वेळी मोगरी निसटते. कुसुंबखेड्यातल्या सुताराच्या पोराला हे चालता येण्याआधी कळते.

आणि नेमके तेच घडले! रथाच्या आदल्या दिवशी सकाळी तोताराम अंगणात शेवटचा हात द्यायला बसला. नामात असा रंगला की डोळे कधी मिटले ते कळले नाही. डोळे उघडले तेव्हा मोगरी मांडीवर उताणी होती, आणि त्याचा तेलाने माखलेला हात तिच्या तळावरून फिरत होता. किती वेळ फिरत होता, देव जाणे. तळ तेल पिऊन काळपट झाला होता. तोताराम ताडकन उठला. त्याने राख चोळली, ऊन दाखवले, फडक्याने पुसून पुसून हात दुखवून घेतले. पण लाकडात मुरलेले तेल बाहेर कसे यावे? रंधा फिरवावा तर पाचर पातळ होणार, आणि दुसरी घडवायला वेळ नव्हता.

दुपारी मोगऱ्या तपासायला भिवसन मिस्तरी आला. सगळ्या मोगरीवाल्यांचा हा मुखिया. हाताचा धीट, कामाचा वाकबगार, पण आपल्यापुढे कोणाला मोजायचा नाही. त्याची स्वतःची मोगरी तांबड्या लाखेने अशी चकाकत असे की तोंड बघून घ्यावे. त्याने तोतारामाची मोगरी उलटी केली, तळावर बोट फिरवले आणि बोट नाकाशी नेले. मागे चार माणसे जमलीच होती.

"काय भो, आम्ही मोगरीनं रथ थांबवतो. तू तिला अभ्यंग घालून ठेवलंस?"

माणसे फिदीफिदी हसली. तोतारामाने मान खाली घालून जसे घडले तसे सांगितले. नाव घेता घेता भान राहिले नाही, हेही लपवले नाही. मग तर भिवसनला ऊतच आला. नामाने रथ अडत असेल तर मोगऱ्या चुलीत घालू म्हणाला, चिंचवनातल्या बाबालाच चाकाखाली निजवू म्हणाला. स्वतःवरचे सगळे बोल तोतारामाने मुकाट्याने गिळले, पण हा शेवटचा त्याच्या काळजात रुतला. जाता जाता भिवसनने निवाडा दिला, की उद्या उजव्या चाकाला मी राहीन आणि तोतारामाने रथाला हात लावायचा नाही. खरे सांगायचे तर निवाडा चुकीचा नव्हता. तेल लागलेली मोगरी उतारावर कोण शहाणा घालील?

दिवस कलताना तोताराम मठात गेला. महाराजांच्या पायांशी बसला आणि मान गेल्याचे एका शब्दानेही न बोलता एवढेच म्हणाला, "महाराज, तळालाही तेल लागलं हो."

महाराजांनी आपला उजवा हात उघडला. तळवा निरखला, बोटांनी चोळून पाहिला.

"लागलंय खरं," ते म्हणाले. "असू दे. उद्या मोगरी घरी ठेवू नकोस."

तोतारामाला काही उमगले नाही. पण गुरूची आज्ञा ती आज्ञा.

दुसऱ्या दिवशी तो मोगरी खांद्यावर घेऊन रथाच्या मागे मागे चालला. लोक त्याच्याकडे बोट दाखवून हसत होते. देवळापासून वेशीपर्यंत आणि वेशीपासून परत पेठेत रथ झोकात आला. भिवसनची तांबडी मोगरी उन्हात चमकत होती, आणि तो ती इतक्या सफाईने चाकापुढे घालत नि काढत होता की बघणाऱ्याने वाहवा करावी. मग रथ उताराच्या तोंडाशी आला.

खाली पारापाशी बायका आरत्या घेऊन दाटीने उभ्या होत्या. दोन्ही बाजूंना घरे, मागे पाराचा ओटा, हलायला जागा नाही. त्या दाटीत तोतारामाची लेक द्वारका सव्वा महिन्याचे मूल पदराखाली घेऊन देवाच्या दर्शनाला आली होती. तोतारामाला ती वरून दिसली.

रथ उतरू लागला. पहिली मोगरी नीट बसली, दुसरीही बसली. तिसऱ्यांदा भिवसनने पाचर चाकापुढे सरकवली आणि लाकूड फुटल्याचा आवाज झाला. लाखेच्या चकाकीखाली जुनी भेग होती. मोगरी उभी चिरली, दांड्याचा तडाखा भिवसनच्या गुडघ्यावर बसला आणि तो रस्त्याच्या कडेला पडला. डावीकडच्या एकट्या मोगरीला भार पेलेना. ती बाजूला फेकली गेली. दोर ढिले पडले, पुढे ओढणारी माणसे जीव घेऊन कडेला झाली. रथ एकटाच निघाला.

खालून किंकाळी उठली. तोताराम धावत पुढे आला, चाकाच्या पुढे पोचला, आणि त्याचे पाय थबकले. हातात मोगरी होती, पण तिचा तळ कसा आहे हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक होते? ती निसटली की आधी तो स्वतः चाकाखाली जाणार, आणि मागोमाग द्वारका, तिचे मूल, सगळे.

"नको घालू, तोताराम!" भिवसन पडल्या जागेवरून ओरडला. "निसटेल ती! बाजूला हो!"

तोतारामाने डोळे मिटले नाहीत. अंगणात ज्या नामाने त्याचे भान हरपले होते, तेच नाम तोंडात होते. त्याने वाकून मोगरी चाकापुढे सरकवली आणि दांडा छातीशी दाबून धरला.

चाक पाचरीवर चढले. मोगरी सरकली. दगडावरून घासत, तोतारामाला रेटत, रथ तिला पुढे ढकलू लागला. तोतारामाच्या टाचा मातीत रुतल्या, मागे बायकांचा आकांत अगदी कानाशी आला. आता संपले, असे त्याच्या मनात आले. आणि त्याच क्षणी दांड्यातून त्याला कळले की मोगरीला खालून कोणीतरी धरले आहे. हाताने धरावे तसे. रथ कुरकुरला, कळसावरचा झेंडा एकदा पुढे झुकून मागे आला, आणि तो अवजड देह जागच्या जागी उभा राहिला. आरतीच्या पहिल्या ताटातल्या ज्योती अजून तेवत होत्या.

धन्य तो बालाजी आणि धन्य ती गुरुमाउली! गावाने एकच जयघोष केला. तोतारामाने मात्र दांडा अजून सोडला नव्हता.

मागच्या चाकांना दगड लावून मोगरी काढली, तेव्हा भिवसन लंगडत आला. त्याने ती उलटी केली. एवढा रथ अडवलेल्या पाचरीवर लोखंडी धावेचा वळ हवा, तळावर दगडांचे ओरखडे हवेत. लाकूड साफ होते. तळ तेलाने गुळगुळीत होता, बोट घसरत होते. भिवसन पक्का कारागीर. हे होणे नाही, हे त्याला कळत होते, आणि झालेले तर डोळ्यांपुढे उभे होते.

तेवढ्यात मठात झाडलोट करणाऱ्या गंगूआत्या धापा टाकत आल्या. महाराज स्वस्थ बसले होते, म्हणाल्या, आणि एकाएकी त्यांनी उजवा हात उताणा जमिनीवर दाबून धरला, कपाळावर घामाचे थेंब आले, आणि आता तो हात वर उचलवत नाही.

गाव चिंचवनाकडे लोटले. महाराज भिंतीला टेकून बसले होते. उजवा तळवा सुजून लाल झाला होता, आणि त्यावर आडवा, रुंद, खोल वळ होता. धावेच्या रुंदीचा. हाताची मागची बाजू खरचटून तिच्यात माती भरली होती, आणि त्या हाताला जवसाच्या तेलाचा वास येत होता.

तोतारामाने हंबरडा फोडला. "माझ्यापायी, महाराज, माझ्या चुकीपायी!"

"चूक कसली, बाळा?" महाराज म्हणाले. "तुला वाटलं, तू लाकूड चोळतोयस. दिवाळीपासून रोज आमचाच हात चोळत होतास. मग आज तो पुढे करायला नको होता का?"

भिवसन दारातच उभा राहिला होता. याच हाताला चाकाखाली निजवू असे तो काल बोलला होता, आणि हा हात खरोखरच चाकाखाली गेला होता. त्याला आत यायचे धैर्य होईना. महाराजांनीच त्याला जवळ बोलावले.

"तोतारामाच्या वाटीत तेल उरलं असेल, ते आण. आणि चोळ. तुझा हात चांगला आहे."

वाटी आली. ज्या चोळण्याला तो हसला होता ते चोळणे भिवसन करू लागला. पण तो बोटांनाच तेल लावत राहिला, वळापाशी जायला त्याचा हात धजेना. "तळव्याला लाव," महाराज हळूच म्हणाले. "तो कोरडा ठेवू नकोस." तेव्हा तो पहाडासारखा माणूस ढसाढसा रडला. रडत रडत त्याने तळवा चोळला, आणि त्याच तळव्यावर आपले डोके ठेवले.

बऱ्याच वेळाने तो उठला. तोतारामालाही त्याने वाकून नमस्कार केला आणि उजव्या चाकाचा मान सर्वांदेखत परत दिला. त्याच्या कपाळाला जवसाचे तेल लागले होते. कोणीतरी फडके पुढे केले, पण भिवसनने ते पुसले नाही. तसाच तो भरल्या पेठेतून घरी गेला.