मागच्या बाकांपर्यंत

आमच्या चर्चच्या मंडळीत माझ्याइतकं कुणालाच कळत नाही, हा शोध मला कॉलेजच्या पहिल्याच वर्षी लागला होता. त्यामुळे कापणीच्या सणाला उपासनेत ड्रम, गिटार आणि पडद्यावर गीतांचे शब्द हवेत, हे कमिटीला पटवायला मीच गेले. या वर्षी नाही म्हणाले असते, तर आमचा तरुणांचा गट मोडलाच असता. मी लांबलचक भाषण पाठ करून नेलं होतं.

पहिल्याच वाक्याला अध्यक्ष शांतवनकाकांनी हात वर केला.

"पोरी, देव काय बहिरा आहे? एवढा दणदणाट कशाला?"

याचं उत्तर माझ्या भाषणात नव्हतं. रागाच्या भरात तोंडातून निघून गेलं, "मग काका, तुम्ही दर रविवारी माईकवर प्रार्थना का करता?"

काकांशेजारी बसलेले आमचे धर्मगुरू, पाळकसाहेब, उगाचच खोकले. काकांनी चष्मा काढून पुसला.

"माईक देवासाठी नसतो. मागच्या बाकांपर्यंत ऐकू जावं म्हणून असतो."

"मागच्या बाकांवर आता बसतं कोण, काका? ती पोरं तर उपासना संपेपर्यंत फाटकाबाहेर मोटारसायकलींवर बसलेली असतात. तुमचा माईक तिथवर पोचत नाही. ड्रम पोचतील."

मी मनातल्या मनात स्वतःला हार घालून घेतला.

"बरं, वाजवा," काका शेवटी म्हणाले. "पण गाणार कोण?"

"मी!"

"तुला संडे स्कूलपासून ऐकतोय गं. मग ड्रम जोरातच वाजवा."