एक बाण कमी

"रिकामं करायची विद्या मला तुम्ही शिकवणार, मास्तर? अहो, चार हजार माणसांची कनात मी एका वाक्यात रिकामी केलेली आहे."

गेनबाने छाती पुढे काढली, मिशीवरून बोट फिरवलं आणि लगेच कबुलीही देऊन टाकली.

"म्हणजे... लोक कंटाळून उठून गेले, तो भाग वेगळा."

शफी मास्तर हसले नाहीत. त्यांनी खुर्ची पुढे ओढून दिली.

"बस. बोटं ठेव."

पिराच्या कमानीला लागून असलेल्या त्या खोलीत मास्तरांचा टायपिंगचा क्लास चाळीस वर्षं चालत होता. आता सहा टाइपरायटरांवर खाकी कापडं पडली होती आणि कोपऱ्यात एक कॉम्प्युटर होता. त्याचा माऊस मास्तरांनी पहिल्याच दिवशी काढून कपाटात ठेवला होता. हात कीबोर्डवरून उचलायचा नाही, हा त्यांचा धर्म. गेनबाचं म्हणणं, माऊस म्हणजे उंदीर, आणि मास्तरांनी तो पाळला नाही, म्हणजे मागोमाग मांजर येण्याची भीती असणार.

गेनबा हा गावचा जुना सोंगाड्या. शाळा चौथीपर्यंत, तीही मधल्या सुट्टीपुरती. फड कधीच मोडला होता, पण तोंड चालू होतं. सत्तराव्या वर्षी त्याच्या मनाने घेतलं की आपले सगळे विनोद टाइप करून ठेवायचे, मेल्यावर लोकांची गैरसोय नको. दिवाळीपासून तो रोज दुपारी क्लासला यायचा. टाइपरायटरवर बोटं बसली आणि आठवड्यापूर्वी मास्तरांनी त्याला त्या काळ्या पडद्यापुढे बसवलं.

पहिला धडा रिकाम्या फाइलीचा.

लिहिण्याआधी कोरं पान लागतं, मास्तरांनी सांगितलं होतं. टाइप लिहायचं, पुढे नल, मग बाणाची खूण, मग फाइलीचं नाव. एंटर. झाली रिकामी फाइल.

"नल म्हणजे?"

"काहीच नाही. त्यातून काही येत नाही आणि त्यात ओतलेलं परत मिळत नाही."

"म्हणजे आमच्या आळीतला नळ," गेनबा म्हणाला. "तोटी आहे, पाणी नाही."

त्या दिवशी मास्तर थोडे हसले होते. मग त्यांनी दोन गोष्टी बजावल्या. एक, काही करण्याआधी डीर लिहून बघायचं, घरात, म्हणजे फाइलींच्या कप्प्यात, आधीपासून कोण कोण बसलंय आणि कुणात किती अक्षरं आहेत ते दिसतं. दोन, बाण नेहमी दोन द्यायचे. नाव नवं असेल तर एकानेही रिकामी फाइल होते आणि दोनानेही होते. पण त्या नावाची फाइल आधीच असली, तर दोन बाणांनी तिच्यातलं राहतं. एका बाणाने जातं.

गेनबाने दोन्ही गोष्टी या कानाने ऐकून त्या कानाने सोडल्या. स्वतःच्या घरात कोण आहे ते काय बघायचं, तो म्हणाला. आणि एका बाणात हरीण पडत असताना दुसरा कशाला खर्च करायचा?

तर आज त्याने बसल्या बसल्या खेळ मांडला.

टाइप, नल, एक बाण, सरपंच. एंटर.

टाइप, नल, एक बाण, चेअरमन. एंटर.

मग जावई. मग तलाठी. मग, मास्तर खिडकीशी चहा गाळतायत हे बघून, शफी.

प्रत्येकाच्या नावाची एक रिकामी फाइल. पूर्वी फडावर चाळ बांधलेले पाय पळायचे, तशी बोटं पळत होती. मग तो थांबला. मिशीवरून बोट फिरवलं. आणखी एक नाव लिहिलं, हळू, एकेक अक्षर शोधून. एंटर.

आणि मग आयुष्यात पहिल्यांदा त्याने डीर लिहिलं.

"या मास्तर, गावाची हजेरी घेतो," तो म्हणाला. "बघा, प्रत्येकाच्या पोटात काय आहे ते हे यंत्र बरोब्बर सांगतं."

मास्तर दोन्ही हातांत दोन कप घेऊन मागे येऊन उभे राहिले.

गेनबाने पडद्यावर बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. सरपंचांच्या डोक्यात, शून्य. चेअरमनच्या मनात गावाविषयी, शून्य. जावयाच्या अंगात काम, शून्य. तलाठ्याने गेल्या वर्षात उचललेले फोन, शून्य. शफी मास्तरांची विनोदबुद्धी...

"शून्य," मास्तर म्हणाले. ते हसत होते. चहा बशीत सांडला.

"आणि ही आमची येसू," गेनबा म्हणाला. "हिच्या पोटात गेनबासाठी किती माया होती? हे बघा. शून्य."

मास्तरांचं हसू थांबलं.

त्यांनी दोन्ही कप टाइपरायटरच्या कापडावर ठेवले. त्या कापडावर कपाचा डाग पडू नये म्हणून ते क्लासच्या पोरींना चाळीस वर्षं ओरडत आले होते.

येसू म्हणजे येसूबाई. फडावर एकोणीस वर्षं ती राणी आणि गेनबा तिचा हुजऱ्या. ती एक बोलणार, हा त्यावर एक टाकणार, आणि कनात लोळणार. शेवटच्या प्रवेशात ती तख्तावर बसून विचारायची, "माझ्यामागं कोण रडंल रं, हुजऱ्या?" आणि हा म्हणायचा, "मी हाय की सरकार, कांदा तेवढा द्या." हे वाक्य ऐकायला लोक गाड्या जुंपून यायचे.

एका जत्रेत गेनबाला गंमत सुचली. येसूने विचारलं आणि तो बोललाच नाही. नखं बघत उभा राहिला. तिने पुन्हा विचारलं. तो वर तंबूच्या बांबूकडे बघू लागला. तिसऱ्यांदा विचारताना तिचा आवाज फुटला आणि सगळी कनात तिला हसली. गेनबाच्या आयुष्यातला तो सर्वांत मोठा हशा होता. येसूने तख्तावरच चाळ सोडले आणि उतरून गेली.

त्यानंतर बावीस वर्षं दोघं एका गावात राहिली, बोलली नाहीत. हा म्हणायचा, गंमत केली, एवढं काय त्यात. गेल्या श्रावणात ती वारली. गेनबा त्या दिवशी मुद्दाम जावयाच्या गावी गेला होता.

"ती फाइल," मास्तरांनी विचारलं, "तू आत्ता केलीस?"

"आत्ता. तुमच्या नावानंतरची."

"किती बाण दिलेस?"

"एक. का?"

मास्तर स्टुलावर बसले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि पडद्यावरच्या त्या शून्याकडे जवळ जाऊन पाहिलं. जणू शून्याच्या मागे काही अडकून राहिलं असेल.

"आज सकाळी एकतीस हजार चारशे बारा होती," ते म्हणाले.

"काय?"

"अक्षरं."

गेनबाला वाटलं मास्तर गंमत करतायत. तो हसायला लागला आणि मग त्याला आठवलं, मास्तरांना गंमत करता येत नाही. आत्ताच तर त्यांची विनोदबुद्धी मोजली होती.

मग मास्तरांनी सांगितलं, नेहमीच्या आवाजात, स्पीडच्या परीक्षेचा उतारा सांगावा तसं. आषाढात येसूबाई तीन दुपारी इथे आली होती. चालवत नव्हतं, भाचीने रिक्षातून आणलं होतं. ती बोलली आणि मास्तरांनी टाइप केलं. सगळं गेनबासाठी होतं. मास्तरांनी गेनबाच्या नावाचं एक घर उघडून त्यात ते 'येसू' या तिच्या नावाने ठेवलं. तोपर्यंत गेनबाने या खोलीची पायरीसुद्धा चढली नव्हती. पुढे दिवाळीला तो स्वतःच्या पायांनी शिकायला आला, तेव्हा मास्तरांना वाटलं की पिराने ऐकलं. रोज सकाळी ते डीर लिहून आकडा तेवढाच आहे ना ते बघायचे.

"मग मला दिलं का नाही?"

"तिनं सांगितलं होतं, त्यानं माझं काही विचारलं तरच द्यायचं." मास्तरांनी चष्मा वर सरकवला. "न विचारता दिलंत तर तो त्याचाही विनोद करील, म्हणाली."

गेनबाने त्या शून्यावरून बोट फिरवलं.

बाहेर कमानीपाशी कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

मग तो एकदम कामाला लागल्यासारखा बोलू लागला. या यंत्रात कचऱ्याची पेटी असते म्हणतात, जावयाच्या मोबाइलमध्येपण आहे, फेकलेलं सगळं त्यात सापडतं, ती उघडा.

"फेकलेलं सापडतं," मास्तर म्हणाले. "हे तू फेकलं नाहीस. फाइल जागेवरच आहे, आतलं पुसलं गेलंय."

"दुसरी प्रत?"

"तिला नको होती. ऐकणारा एकच आहे, तर प्रती कशाला, म्हणाली."

"मास्तर, तुम्ही टाइप केलंत. तुमच्या या कानांनी ऐकलंत. तुम्हाला आठवत असंल. सगळं नको... थोडं."

मास्तरांनी नाही म्हणून मान हलवली. चाळीस वर्षं त्यांनी गावाची घटस्फोटाची कागदपत्रं टाइप केली होती, मृत्युपत्रं, भावाने भावावर केलेल्या तक्रारी. लक्षात ठेवलं असतं तर या लोकांना रोज तोंड कसं दाखवलं असतं? ते पोरींना पहिल्या दिवशी हेच शिकवायचे. ऐकायचं आणि बोटांत सोडून द्यायचं. अर्थ लावत बसलीस की चुकशील.

"ती दोनदा हसली," अखेर ते म्हणाले. "एकदा पाणी मागितलं. आणि मधे मधे थांबायची. मला वाटलं दम लागतोय. म्हटलं, बाई, सावकाश. तर म्हणाली, दम नाही, तिथं त्याचं वाक्य आहे, जागा सोडा. मग मी एंटर दाबून एकेक ओळ मोकळी सोडत गेलो."

"माझं वाक्य..."

"मोकळ्या ओळी पुष्कळ होत्या."

गेनबा पडद्याकडे बघत राहिला. सरपंच, शून्य. चेअरमन, शून्य. सगळी शून्यं एकाखाली एक, पंगतीला मांडलेल्या पत्रावळींसारखी. त्यातली एक मघापर्यंत भरलेली होती.

"बोटांना आठवत असंल," तो हळूच म्हणाला. "तुम्हाला नसंल आठवत. बोटांना विचारा की."

असला प्रश्न मास्तरांना चाळीस वर्षांत कोणी विचारला नव्हता. त्यांनी कीबोर्ड बाजूला सरकवला. बाह्या मागे घेतल्या. दहाही बोटं नुसत्या टेबलावर ठेवली, डोळे मिटले.

थोडा वेळ काहीच झालं नाही.

मग बोटं हलली. लाकडावर टकटक होऊ लागली. आधी चाचपडत, मग सरळ. गेनबाला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. पण चाल कळत होती. एकोणीस वर्षं त्या चालीवर त्याने पाय टाकले होते. ती वाक्य कसं उचलायची, मधे कसं लोंबकळत ठेवायची, शेवटी कसं खाली आपटायची. लाकडावर येसू बोलत होती.

बोटं वर चढली. सावकाश झाली.

थांबली.

ही जागा गेनबाला झोपेतसुद्धा कळली असती. तख्त, समोर काळोखात बसलेली माणसं, आणि ती त्याच्याकडे मान वळवून...

"मी हाय की सरकार," गेनबा म्हणाला.

कांदा त्याने मागितला नाही. लागलाही नसता.

मास्तरांची बोटं टेबलावर तशीच होती. गेनबाने वाट पाहिली. पुढची ओळ येईल म्हणून पुढे वाकला. मास्तरांनी डोळे उघडले, हात उचलले आणि मांडीवर घेतले. पुढचं बोटांनाही येत नव्हतं.

चहावर साय धरली होती.

गेनबाने डोक्याची टोपी काढून तोंड पुसलं. काहीतरी बोलायला हवं होतं, आणि गावातल्या प्रत्येक माणसासाठी ज्याच्याकडे एक वाक्य तयार असायचं, त्याला आज शोधून शोधून एवढंच सापडलं.

"मी नुसती रिकामी फाइल बनवत होतो, मास्तर."

मास्तरांनी कीबोर्ड परत त्याच्यापुढे सरकवला.

"बनवलीस की."